तिसऱ्या मजल्यावरचा थांबा

पडद्याच्या आठ कड्यांपैकी पाच अडकवून झाल्या आणि फोन वाजला. वहीकाकू स्टुलावर उभ्या होत्या. धुतलेला पडदा खांद्यावर, एक हात दांडीला, तोंडात सहावी कडी. फोन वाजला नसता तरी त्या उतरणारच होत्या, कारण हात वर धरून धरून छातीत कोंडल्यासारखं व्हायला लागलं होतं. काय मेला उन्हाळा आहे, असं पुटपुटत त्या खाली आल्या, स्टुलावरच टेकल्या आणि दम जरा खाली बसल्यावर त्यांनी फोन घेतला. पडदा तीन कड्या सोडून तसाच लोंबकळत राहिला. खिडकीच्या त्या कोपऱ्यातून उन्हाची तिरीप थेट देवघरात शिरली.

फोन यात्रावाल्या बाईंचा होता. या बाई दरवर्षी चाळीसेक माणसं घेऊन वर देवाच्या गावाला जायच्या. गाव दहा हजार फुटांच्याही वर, बर्फाच्या डोंगरांच्या कुशीत. सहा महिने देवळाची दारं उघडी, सहा महिने बंद. तिथला रस्ता, तिथली थंडी, तिथले मुक्काम बाईंना तळहातावरच्या रेषांसारखे पाठ. त्यांनी सांगितलं ते एवढंच, की यंदापासून पंचावन्नच्या पुढच्या प्रत्येकाला डॉक्टरांचा दाखला लागणार. शुक्रवारपर्यंत पोचला नाही तर नाव यादीतून गळणार. मग काकू घाबरू नयेत म्हणून त्यांनी मागच्या वर्षीची हकीकत सांगितली. एक काका वर पोचले, रात्री जेवले, गप्पा मारल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे ओठ निळे पडले. प्राणवायूचं नळकांडं लावून त्यांना त्याच दिवशी खाली आणलं. वाचले म्हणा, असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

 काकूंच्या डोळ्यांसमोर ते अनोळखी काका आलेच नाहीत. आले ते मिस्त्री, त्यांचे यजमान. निळ्या ओठांचे.

वहीकाकू हे नाव त्यांना इमारतीतल्या बायकांनी ठेवलेलं. लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून त्या रोज वही लिहायच्या. सकाळची पूजा झाली की कालचं सगळं लिहायचं, वही देवापुढे ठेवायची, नमस्कार करायचा आणि मगच चहा. त्यात कविता नव्हती की मनातली खळबळ नव्हती. गॅस कधी लावला, पाणी किती वाजता आलं, कोण आलं, कोण गेलं. आणि घरातल्यांच्या तब्येती. तो रकाना त्या पट्टीने आखून घ्यायच्या. अकरा वर्षं अंथरुणात काढलेल्या सासूबाईंचा रक्तदाब आणि औषध, मुलीच्या गोवराचा ताप सकाळ-दुपार-संध्याकाळ, मिस्त्रींचा खोकला. डॉक्टर बदलले तरी वही तीच राहिली. नवा डॉक्टर आधी वही बघायचा आणि मग पेशंट. पस्तीस वर्षांच्या पस्तीस वह्या माळ्यावर होत्या आणि त्यात घरातल्या सगळ्यांचे आकडे होते. स्वतःचा एकही नव्हता. हे काकूंच्या कधी ध्यानात आलं नाही, दुसऱ्या कुणाच्याही आलं नाही.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. अडतीस वर्षं त्यांनी लोकांच्या लिफ्टी दुरुस्त केल्या आणि स्वतः राहिले बिनलिफ्टच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. यावरून त्यांची चेष्टा करायची इमारतीत प्रथाच होती. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना मिस्त्री दिसले की न चुकता विचारायच्या, काय मिस्त्री, आमची लिफ्ट कधी. मिस्त्री न चुकता म्हणायचे, दोर आणायला गेलोय. पण जिन्याचा सराव इमारतीत सगळ्यात जास्त त्यांनाच होता. कारण लिफ्ट बंद पडली की मिस्त्रीला बोलावणार, आणि लिफ्ट बंद म्हणजे मिस्त्रीला गच्चीवरच्या मशीनपर्यंत अवजारांच्या पिशवीसकट पायी चढणं आलं. दहा मजले, बारा मजले, दिवसातून तीनदा.

दुसरी एक गोष्ट त्यांची अशी, की ते लिफ्ट बघायचे नाहीत, ऐकायचे. आत उभं राहून डोळे मिटायचे. कुठल्या मजल्याला काय घासतंय, ब्रेक उशिरा धरतोय का, दोराचा एखादा पदर सुटतोय का, सगळं कानाने. शंका आली की दुसऱ्या मिनिटाला ‘लिफ्ट बंद आहे’ची पाटी. मग कुणी साहेब रागावो की शिव्या देवो. आधी पाटी, मग बोलणं, असं ते कामावरच्या नव्या माणसांना सांगायचे.

सगळं चांगलं, फक्त बिडी वाईट. तीस वर्षं ओढली. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी वहीत सलग नव्वद दिवसांचा खोकला काकूंनी त्यांना मोजून दाखवला, तेव्हा सोडली. पण गेला धूर गेला कुठे, हा प्रश्न काकूंच्या डोक्यातून कधी गेला नाही. छातीतच बसला असणार, दुसरं कुठे जाईल.

निवृत्त झाल्यावर आठवड्याभरातच मिस्त्री म्हणाले होते, चल, तुझ्या देवाला जाऊन येऊ. ते स्वतः फारसे देवभोळे नव्हते. पण देवघरावरची तसबीर त्यांनी पस्तीस वर्षं रोज पाहिली होती. मागे पांढरा डोंगर, पुढे रंगीत कमानीचं देऊळ, पायऱ्यांवर मुंगीएवढी माणसं. ती तसबीर काकूंच्या आईची. आईने त्या देवाला कसलासा नवस बोलला होता, तो फेडायला जाणं झालं नाही, आणि जाताना तिने तसबीर लेकीला दिली. मग सासूबाईंचं आजारपण आलं, मुलीच्या शाळा आल्या, आणि पुढच्या वर्षी जाऊ असं म्हणता म्हणता काकू साठीला टेकल्या. त्यामुळे मिस्त्री ‘चल’ म्हणाले त्या दिवशी काकूंनी वहीत एकच ओळ लिहिली. देवाने बोलावलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या जिवाला घोर लागला.

वर हवा विरळ. विरळ हवेत धुराने भरलेली छाती. यात्रावाल्या बाईंनी छापील कागद दिला होता, त्यावर काय काय न्यायचं आणि काय काय होऊ शकतं ते होतं. काय न्यायचं ते काकूंनी एकदा वाचलं, काय होऊ शकतं ते पाठ केलं. डोकं दुखणं, उलटी, पायऱ्या चढताना दम, ओठ निळे. त्यांनी औषधाच्या दुकानातून बोटाला लावायचा तो चिमटा आणला, ज्यात रक्तातला प्राणवायू आणि नाडी दिसते. आणि नेम ठरवला. रोज संध्याकाळी पाच वाजता दोघांनी तळमजल्यापासून गच्चीच्या दारापर्यंत चढायचं. चार मजले, बहात्तर पायऱ्या. वर पोचलं की मिस्त्रींच्या बोटाला चिमटा, आणि आकडा वहीत.

पहिला आठवडा बरा गेला. मग मिस्त्री थांबायला लागले. आधी तिसऱ्या मजल्यावर. गुडघा बोलतोय जरा, असं म्हणत ते कठड्याला टेकायचे. काकूही टेकायच्या. महिन्याभराने दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागले, मग प्रत्येक मजल्यावर. कधी गुडघा, कधी नुसतंच, थांब गं जरा. तेवढ्या वेळात काकू त्यांच्या छातीकडे बघत राहायच्या. वर, खाली, वर, खाली. वहीत रोज एक ओळ वाढत होती. आज दुसऱ्या मजल्यावर थांबले. आज दोनदा थांबले. आज मास्तरीणबाई पुढे निघून गेल्या तरी हे टेकलेलेच.

गंमत अशी की चिमटा दररोज सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव दाखवायचा. काकूंचा चिमट्यावरचाच विश्वास उडाला. त्यांनी सेल बदलले. दुकानदाराकडे परत नेला. दुकानदाराने तो स्वतःच्या बोटाला लावून दाखवला, चांगला चालतोय म्हणाला. काकू मनात म्हणाल्या, याला काय कळतंय. माणूस डोळ्यांदेखत मजल्या-मजल्याला थांबतोय आणि हा म्हणे सत्त्याण्णव.

आता त्या स्टुलावर बसून राहिल्या होत्या. लेकीला फोन लावावा का, असं मनात येतंय तोच लेकीचाच आला. लेक दुसऱ्या शहरात असायची, तिला घरात अजून बेबी म्हणत, तिला तेहतिसावं लागलं असलं तरी. दाखल्याचं ऐकल्यावर ती म्हणाली, बरं झालं, आता डॉक्टरच नाही म्हणतील. मग तिने स्पष्टच विचारलं.

“आई, बाबांच्या छातीत तीस वर्षांचा धूर आहे. वर काही झालं तर तू एकटी काय करशील?”

 हाच प्रश्न काकू चार महिने स्वतःला विचारत होत्या, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर बघते म्हणून त्यांनी फोन ठेवला. अनोळखी गाव, बर्फ, भाषा वेगळी, आणि आपण. कुणाला हाक मारायची? त्यांनी देवघरासमोर बसून तसबिरीकडे पाहिलं. आणि त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, काकूंनी देवाकडे उलटं मागणं मागितलं. डॉक्टरांच्या तोंडून नकार येऊ दे. आम्ही तुझ्या दाराशी येऊ नये असं तूच काहीतरी कर, म्हणजे मला नाही म्हणायला नको. मागितलं आणि लगेच दोन्ही कान धरले. ज्या देवाने बोलावलं त्यालाच बोलावू नको म्हणणं, हे पाप कुठल्या रकान्यात लिहायचं? त्या दिवशी पडद्याच्या तीन कड्या राहिल्या त्या राहिल्याच.

संध्याकाळी मिस्त्रींना त्यांनी दाखल्याचं सांगितलं. मिस्त्री चष्म्याची काडी घट्ट करत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, माझा दाखला मिळाला नाही तर तू बाईंबरोबर जाशील का. काकू म्हणाल्या, खुळे आहात की काय, तुम्हाला इथे टाकून मी देवाला तोंड दाखवू? तुम्ही नाही तर मीही नाही. त्यावर मिस्त्रींनी चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि काकूंना वाटलं की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. बिचारे, त्या मनात म्हणाल्या. यांनाही आतून कळलंय. माझ्यासाठी म्हणून बोलत नव्हते.

बुधवारी अकरा वाजता डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरलं. दवाखाना एका मोठ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. मिस्त्री दारातून सरळ लिफ्टकडे गेले. या माणसाला काकूंनी स्वतःसाठी लिफ्टचं बटण दाबताना कधी पाहिलं नव्हतं. तीन मजले चढवत नाहीत आता, असं म्हणत त्या शेजारी उभ्या राहिल्या. मिस्त्रींनी सवयीने डोळे मिटले आणि दुसऱ्या मजल्याला कपाळावर आठी घातली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड आणि कामाला कडक. त्यांनी वही मागितली. काकूंनी चार महिन्यांची पानं उघडून दिली. बाई बोट फिरवत वाचत गेल्या, मध्येच मागे आल्या, पुन्हा वाचलं. म्हणाल्या, काकू, वही फार सुरेख आहे, पण यातल्या दोन गोष्टींचं एकमेकींशी पटत नाही. माणूस मजल्या-मजल्याला थांबतो आणि वर पोचल्यावर प्राणवायू सत्त्याण्णव, नाडी नव्वद. असं होत नाही. काकू म्हणाल्या, चिमटा बिघडलाय. बाई हसल्या. त्यांनी मिस्त्रींची छाती तपासली, हृदयाची पट्टी काढली, गुडघे दाबून पाहिले. मग नर्सबाईला सांगितलं, यांना जिन्याने सातव्या मजल्यापर्यंत घेऊन जा आणि परत आण.

मिस्त्री भिंतीला धरून, एकेक पाय कष्टाने टाकत दारातून बाहेर पडले. काकूंना ते बघवेना. त्यांनी पर्समधली जपाची माळ मुठीत धरली. दहा मिनिटं गेली. इतका वेळ का? माळेचे मणी पुढे सरकेनात. कुठे बसले असतील? पडले असतील का? खुर्चीवरून उठून दाराशी जावं असं वाटत होतं. दाराबाहेर पावलं वाजली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

नर्सबाई हसत आत आली. तीच धापा टाकत होती. म्हणाली, डॉक्टर, हे पहिला एक मजला कण्हत होते. चौथ्यावर लिफ्ट आमच्या शेजारून वर गेली. त्यानंतर हे थांबले नाहीत. पायाने नाही आणि तोंडाने तर नाहीच. दुसऱ्या मजल्याला काय घासतंय, कुठलं बेअरिंग गेलंय, तेल कुठलं घालायला हवं, सातव्यापर्यंत जाऊन परत येईपर्यंत सगळं सांगितलं. मला नुसतं हं म्हणायलाही दम पुरत नव्हता.

चिमटा डॉक्टरीणबाईंचा होता. त्यानेही सत्त्याण्णवच दाखवले.

बाई म्हणाल्या, काका, तुमचं शरीर तुमच्या बोलण्याला साक्ष देत नाही. गुडघे उत्तम, छाती साफ. देवाला खुशाल जा. असं म्हणत त्यांनी दाखल्याचा कागद भरला, सही केली, शिक्का मारला. काकू बघतच राहिल्या. आनंद व्हायला हवा होता आणि तो कुठल्याशा जिन्यावर अडकून पडला होता. मिस्त्रींकडे पाहिलं तर ते पांढरेफटक. चार महिन्यांत कधी दिसले नव्हते इतके आजारी, दाखला हातात आल्यावर दिसत होते.

बाईंनी दुसरा कागद ओढला. काकूंचं वय विचारलं, काही त्रास आहे का विचारलं. मला काय धाड भरलीये, काकू म्हणाल्या. बाईंनी ‘त्रास नाही’ लिहिलं, सही केली आणि शिक्का शाईवर दाबून उचलला.

मिस्त्रींनी कागदावर हात ठेवला. पंजा पसरून, पालथा. शिक्का खाली आला तो त्यांच्या हातावर.

“हिचा नका मारू,” मिस्त्री म्हणाले. “हिला तपासा.”

 काकूंना वाटलं, यांचं डोकं फिरलं. त्यांनी दटावून पाहिलं, हात काढा म्हणाल्या, डॉक्टरांचा वेळ का घालवता म्हणाल्या. मिस्त्रींनी हात काढला नाही. ते काकूंकडे न बघता टेबलाकडे बघत बोलले.

“तिसऱ्या मजल्यावर हिचा श्वास घासतो. चार महिने ऐकतोय. आधी तिसऱ्यावरच घासायचा, आता पहिल्यापासून घासतो. माझा गुडघा चांगला आहे डॉक्टर. मी थांबलो की ही थांबते, म्हणून थांबत होतो.”

डॉक्टरीणबाईंनी चिमटा उचलला आणि काकूंच्या बोटाला लावला. तो लावून घेताना काकूंना विचित्र वाटलं, दुसऱ्या कुणाच्या चपला घातल्यासारखं. बसल्या जागी नाडी एकशे बारा होती. बाईंनी त्यांना एकच मजला चढून यायला सांगितलं. अठरा पायऱ्या. या खेपेला टेकायला कठड्याशी कुणी थांबलं नाही, आणि अकराव्या पायरीवर काकूंना कळलं की त्या चार महिने कुणाच्या थांबण्यावर चढत होत्या. छातीत कुणीतरी आतून दार ओढून घेतल्यासारखं झालं. नर्सबाईने दंड धरला. खाली आणलं तेव्हा चिमट्यात एक्क्याण्णव होते, नाडी एकशे अडतीस.

मग बाईंनी नळी छातीला लावली आणि खूप वेळ ऐकत राहिल्या. नळी सरकवली, पुन्हा ऐकलं, कुशीवर वळायला सांगून ऐकलं. मिस्त्री लिफ्टमध्ये उभे राहतात तसे त्यांनी डोळे मिटले होते. ते पाहून काकूंनी माळ पुन्हा मुठीत धरली.

लहानपणी कधी खूप दिवस ताप, सांधे सुजणं, असं काही झालं होतं का, बाईंनी विचारलं. काकू नाही म्हणणार होत्या. आणि तोंड उघडल्यावर आठवलं. अकराव्या वर्षी. तीन महिने शाळा बुडाली होती. गुडघे भोपळ्यासारखे, मग मनगटं. आईने कुठूनशी ती तसबीर आणून अंथरुणासमोर लावली होती. पोर उभी राहू दे, तिला घेऊन तुझ्या दारी येईन. आईचा राहिलेला नवस काकूंनी आयुष्यभर लोकांना सांगितला होता, पण तो कशासाठी होता हे त्या साफ विसरून गेल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. त्या तापाने हृदयाची एखादी झडप आखडते, वर्षानुवर्षं हळूहळू अरुंद होत जाते. तसंच असावं असं वाटतं, नक्की काय ते हृदयाची सोनोग्राफी केल्यावर कळेल. उपाय आहेत, घाबरायचं कारण नाही, पण उशीर नको. आणि वर जायचं नाव आता काढायचं नाही. “वर गेला असतात तर,” असं म्हणून त्या थांबल्या आणि त्यांनी दुसरा कागद दोन तुकडे करून टोपलीत टाकला.

 खाली जाताना लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्याला ते बेअरिंग घासलं, तेव्हा मिस्त्रींनी डोळे मिटले नाहीत. इमारतीच्या दाराशी दगडी कट्टा होता, त्यावर काकू बसल्या. त्यांना रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि रागाच्या खाली इतकी भीती होती की राग संपू नये असं वाटत होतं.

“चार महिने तुम्ही माझ्या वहीत खोटं लिहवून घेतलंत,” त्या म्हणाल्या. “रोज सकाळी मी ती देवापुढे ठेवते.”

मिस्त्री शेजारी बसले. त्यांनी सगळं सांगितलं. बेत असा होता की आपला दाखला अडावा, काकूंनी आपल्यासाठी म्हणून यात्रा सोडावी, आणि मग सावकाश, सहज म्हणून त्यांना डॉक्टरांकडे न्यावं. त्यांना भीतीही वाटू नये आणि वर जाणंही टळावं. मग सरळ का नाही बोललात, काकूंनी विचारलं. मिस्त्री हातावरचा जांभळा शिक्का अंगठ्याने पुसत राहिले. तो पुसला जात नव्हता, पसरत होता.

“लिफ्टला असा आवाज आला असता तर त्याच दिवशी बंद करून पाटी लावली असती,” ते म्हणाले. “तुझ्या बाबतीत धीर झाला नाही. पाटी लावली म्हणजे बिघाड खरा होतो.”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. ज्या माणसाच्या जिवासाठी त्या चार महिने सुकत होत्या, तोही चार महिने त्याच जिन्यावर, त्याच कठड्याला टेकून सुकत होता. त्या त्यांची छाती बघत होत्या, ते त्यांचा श्वास ऐकत होते. राग कुठे गेला ते कळलं नाही. भीती मात्र होती तिथेच होती, फक्त आता तिने माणूस बदलला होता. आपण गेलो तर यांना चहाची पूड कुठल्या डब्यात आहे हेही माहीत नाही, असं काहीतरी भलतंच त्यांच्या मनात आलं.

घरी आल्यावर त्यांनी स्वतःच यात्रावाल्या बाईंना फोन केला. दोघांची नावं काढा म्हणाल्या. मिस्त्रींचा दाखला तर झालाय, ते तरी येऊ देत की, बाई म्हणाल्या. शेजारून मिस्त्रींनी ऐकलं. मी एकटा जाऊन काय करू तिथे, ते म्हणाले, लिफ्ट तरी आहे का. बाई हसल्या. पावसाळ्यानंतर दारं मिटायच्या आधी शेवटची तुकडी जाते, नाव धरून ठेवू का, असं त्यांनी विचारलं. काकूंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. डॉक्टर काय म्हणतात ते बघून कळवते, एवढंच म्हणाल्या. मग बेबीला फोन. ती रात्रीच्या गाडीने निघते म्हणाली. तिच्या आवाजातली घाई काकूंच्या कानात राहिली. लेकीने इतक्या तातडीने यावं, इतकं आहे का हे?

पाच वाजले. जिन्याची वेळ झाली. दोघंही आपापल्या जागी बसून राहिले. मास्तरीणबाई वर जाताना दारातून डोकावून म्हणाल्या, आज चढाई नाही वाटतं. मिस्त्री म्हणाले, आज दुरुस्तीसाठी बंद. बाई हसून पुढे गेल्या. काकूंना त्या चपलांचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आला, मग बंद झाला.

मिस्त्री उठले आणि स्टुलावर चढले. जांभळ्या डागाच्या हाताने त्यांनी सहावी कडी दांडीत अडकवली, मग सातवी. काकूंनी स्टूल धरलं, गरज नसताना. आठवी बसली आणि पडदा सरळ झाला. देवघरातली तिरीप गेली. तसबिरीतला डोंगर जरा अंधारात गेला, देऊळ दिसत राहिलं. काकूंनी हात जोडले. परवा मागितलेलं मागणं देवाने ऐकलं होतं, अगदी शब्दाला शब्द. आता नवीन काय मागावं याची त्यांना भीती वाटली, म्हणून त्यांनी नुसतेच हात जोडले. पोर उभी राहू दे, एवढं आईचंच वाक्य आठवलं, ते मनात म्हटलं.

मग त्या वही घेऊन बसल्या. उद्या सकाळी लिहायचं ते आजच. चार महिन्यांच्या ओळींवर काट मारावी असं त्यांना वाटलं होतं, पण त्यांनी ती मारली नाही. थांबले ते खरंच होतं, थांबण्याचं कारण तेवढं खोटं. पट्टी ठेवून त्यांनी मिस्त्रींच्या रकान्याशेजारी एक नवी रेघ ओढली. वर काय लिहावं ते सुचेना. नाव लिहिणं अवघड वाटलं. शेवटी ‘मी’ लिहिलं. चिमटा बोटाला लावला, आकडा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. मिस्त्री शेजारी उभे राहून बघत होते. त्यांनी विचारलं, किती. काकूंनी आकडा सांगितला नाही, लिहिला आणि वही त्यांच्याकडे सरकवली.

रकान्याखाली त्यांनी उद्याचं काम लिहिलं. सकाळी साडेनऊ, हृदयाची सोनोग्राफी, दवाखान्याच्या इमारतीत दुसरा मजला. लिफ्टने जायचं. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी बरोबर घ्यायची.